ईदीतून घेतलेला गेम नक्की कुणाचा? कन्सोल कंपन्यांची चढाओढ आणि ग्राहकाचा हक्क

ईद झाली की घरातली मुलं ईदीचे पैसे मोजायला बसतात. अलीकडे या हिशेबात एक नवा बेत दिसतो. तिघं-चौघं चुलत-मावस भावंडं पैसे एकत्र करतात आणि कन्सोलचा एक गेम घेतात. आधी एकाच्या घरी खेळून होतं, मग डिस्क मामूंच्या घरी जाते, तिथून खालाच्या घरी. सगळ्यांचं मन भरलं की तोच गेम दुकानात जुना म्हणून द्यायचा आणि थोडी भर घालून दुसरा आणायचा. शाळेची पुस्तकं मोठ्याकडून धाकट्याकडे जातात, तसंच हे. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. विकत घेतलेली वस्तू आपली असते आणि ती कुणाला द्यायची ते आपण ठरवतो.

हा साधा समज टिकणार की नाही, यावरून २०१३ मध्ये अमेरिकेत मोठं रण पेटलं होतं. एका बाजूला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन, दुसऱ्या बाजूला सोनीचा प्लेस्टेशन ४ आणि मधे ग्राहक. तेरा दिवसांत ग्राहकांनी जगातल्या एका बलाढ्य कंपनीला माघार घ्यायला लावली.

ती गोष्ट आज पुन्हा सांगायला कारण आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत एक्सबॉक्सच्या किमती दोनदा वाढल्या, मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये. ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन ५ तिथे ५० डॉलरने महागला. ऑक्टोबरमध्येच गेम पास अल्टिमेट या एक्सबॉक्सच्या योजनेची महिन्याची वर्गणी १९.९९ डॉलरवरून थेट २९.९९ डॉलर झाली. आपल्याकडे नव्या ग्राहकांसाठी ती ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपयांवर गेली. लोक संतापले, पण यावेळी २०१३ सारखी झटपट माघार काही दिसली नाही. तेव्हा जमलं ते आता का जमत नाही, हा प्रश्न मुलांच्या खेळापुरता राहत नाही. घरातून दरवर्षी हजारो रुपये ज्या गोष्टीवर जातात, ती गोष्ट आपली आहे की नुसती वापरायला मिळालेली, असा तो प्रश्न आहे.

६ जूनचे नियम

२१ मे २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने रेडमंडमध्ये एक्सबॉक्स वन जगापुढे आणला. कार्यक्रमात गेमपेक्षा टीव्हीचीच चर्चा जास्त झाली. इंटरनेट सतत लागणार का, जुने गेम चालणार का, असं पत्रकारांनी विचारलं तर अधिकाऱ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. शेवटी ६ जूनला कंपनीने नियम लेखी जाहीर केले आणि लोकांच्या मनातली शंका खरी ठरली.

कन्सोलने दर २४ तासांत एकदा इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावायची. ती लागली नाही तर गेम बंद. दुसऱ्याच्या कन्सोलवर आपल्या खात्यातून खेळत असाल, तर हजेरी दर तासाला. डिस्कवरचा गेम मित्राला द्यायचा असेल, तर तो मित्र किमान ३० दिवस तुमच्या एक्सबॉक्सवरच्या मित्रयादीत हवा आणि असा गेम एकदाच देता येणार. जुना गेम विकायचा असेल, तर तो काढणाऱ्या कंपनीची मान्यता लागणार आणि तीही ठरावीक दुकानांपुरतीच. उसना किंवा भाड्याने देण्याची सोय सुरुवातीला नाहीच.

म्हणजे डिस्क तुमच्या हातात, पण किल्ली कंपनीच्या खिशात. खालाच्या घरी गेलेली डिस्क तिथे चालेल की नाही, ते खाला ठरवणार नाही आणि तुम्हीही नाही.

याच्या जोडीला कायनेक्ट होता. हा कॅमेरा आणि मायक्रोफोन कन्सोलसोबतच यायचा आणि तो जोडलेला असल्याशिवाय कन्सोल चालणार नव्हता. योगायोग असा, की त्याच ६ जूनला एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांवरून अमेरिकी सरकारच्या ‘प्रिझम’ या पाळत योजनेच्या बातम्या छापून आल्या आणि त्यात इतर कंपन्यांबरोबर मायक्रोसॉफ्टचंही नाव होतं. सरकारला आपण असा थेट प्रवेश देत नाही, असं कंपनीने सांगितलं. पण ज्या खोलीत घरची माणसं उठतात-बसतात, तिथे सतत ऐकणारं यंत्र ठेवायचं का, हा प्रश्न लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच.

कंपनीला हे हवं कशाला होतं?

इथे कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. नवा गेम विकला की तो बनवणाऱ्याला पैसे मिळतात. तोच गेम पुढे तीनदा जुना म्हणून विकला गेला, तर त्या तिन्ही व्यवहारांत बनवणाऱ्याला एक छदामही मिळत नाही. पैसे जातात दुकानदाराकडे. अमेरिकेत गेमस्टॉप नावाची मोठी दुकानसाखळी आहे. तिच्या नफ्याचा मोठा भाग तेव्हा जुन्या गेमच्या खरेदी-विक्रीतून यायचा. मोठमोठे गेम बनवायला कोट्यवधी डॉलर ओतणाऱ्या कंपन्यांना हे खुपत होतं.

त्यांनी आधी दुसरा उपाय करून पाहिला होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१० मध्ये ‘ऑनलाइन पास’ आणला. नव्या डिस्कसोबत एक कोड मिळायचा. डिस्क जुनी घेतली, तर ऑनलाइन खेळण्यासाठी त्या कोडचे वेगळे पैसे मोजायचे. ग्राहक चिडले आणि मे २०१३ मध्ये कंपनीने तो प्रकार गुंडाळला. नेमक्या त्याच सुमारास मायक्रोसॉफ्ट तीच अडवणूक थेट यंत्रातच बसवायला निघाली होती.

या योजनेत ग्राहकाच्या सोयीचंही काही होतं, हे मान्य करायला हवं. गेम एकदा यंत्रात उतरवला की खेळताना डिस्क घालायची गरज नाही. आपले सगळे गेम कुठल्याही एक्सबॉक्स वनवर आपल्या खात्यातून खेळता येणार. घरातल्या दहा जणांपर्यंत एकच गेमसंग्रह वापरता येणार, ही तर आपल्यासारख्या मोठ्या कुटुंबांना आवडेल अशी गोष्ट. पण ही सोय कंपनीने नीट समजावूनच सांगितली नाही. बंधनं मात्र स्पष्ट लिहून दिली.

त्यात भर घातली एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक यांनी. ज्यांच्याकडे धड इंटरनेट नाही त्यांचं काय, असं एका मुलाखतीत विचारलं, तेव्हा त्यांनी अशा लोकांसाठी आमच्याकडे एक्सबॉक्स ३६० आहे, अशा अर्थाचं उत्तर दिलं. म्हणजे आठ वर्षांपूर्वी बाजारात आलेला जुना कन्सोल. परदेशी तळांवर आणि जहाजांवर राहणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हे फार लागलं. खेड्यापाड्यातल्या ग्राहकांनाही लागलं. गिऱ्हाईकाच्या अडचणीवर दुकानदाराने ‘मग जुनंच वापरा’ म्हणावं, तसलाच हा प्रकार.

एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक्सबॉक्स वन सुरुवातीला ज्या २१ देशांत येणार होता, त्या यादीत भारताचं नाव नव्हतं. जपानचंही नव्हतं. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत कन्सोल येतो तो दुबई, दोहा किंवा रियाधहून, सुट्टीवर आलेल्या मामूंच्या बॅगेतून. यादीबाहेरच्या देशात असा कन्सोल रोज हजेरी लावणार कुठे? आपल्यासारख्या ग्राहकाचा त्या नियमांत विचारच नव्हता.

एका डिस्कने पलटलेली बाजी

१० जून २०१३. लॉस एंजेलिसमध्ये ई-थ्री हा गेम उद्योगाचा मोठा मेळावा. सकाळी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनची किंमत सांगितली, ४९९ डॉलर. संध्याकाळी सोनीची पाळी आली.

मधल्या काळात ग्राहक गप्प बसले नव्हते. ट्विटरवर हजारो लोक सोनीच्या अधिकाऱ्यांना थेट लिहीत होते की तुम्ही तरी असं करू नका. सोनीने हे ऐकलं. तिच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख जॅक ट्रेटन यांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की प्लेस्टेशन ४ वर जुन्या गेमसाठी कोणतंही नवं बंधन असणार नाही, डिस्क विकता येईल, मित्राला देता येईल, कायमची ठेवता येईल आणि डिस्कवरचा गेम खेळायला इंटरनेटची हजेरी लागणार नाही. सभागृहात टाळ्या आणि आरोळ्या थांबेनात. त्यानंतर किंमत आली, ३९९ डॉलर. थेट १०० डॉलरने कमी.

त्याच दिवशी सोनीने एक छोटीशी चित्रफीत सोडली. प्लेस्टेशन ४ चा गेम दुसऱ्याला कसा द्यायचा, याचं ‘मार्गदर्शन’. शुहेई योशिदा आणि अॅडम बॉईज हे सोनीचे दोन अधिकारी समोरासमोर उभे. एकाने दुसऱ्याच्या हातात डिस्कचा डबा दिला, दुसऱ्याने आभार मानले. संपलं. अर्ध्या मिनिटाचाही नसलेला हा टोमणा जगभर पाहिला गेला.

खरं तर सोनीने नवं काही दिलं नव्हतं. जे आधीपासून ग्राहकाचं होतं, ते काढून घेणार नाही, एवढंच सांगितलं. पण समोरचा हिसकावून घेत असेल, तर न हिसकावणाराही दाता वाटू लागतो.

१९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. रोजची हजेरी रद्द. डिस्क देण्या-घेण्यावरची, विकण्यावरची बंधनं रद्द. देशांची अट रद्द. मात्र त्याबरोबर कुटुंबातल्या दहा जणांनी एकच संग्रह वापरण्याची सोयही गेली. १ जुलैला डॉन मॅट्रिक कंपनी सोडून झिंगा या दुसऱ्या गेम कंपनीचे प्रमुख झाले. ऑगस्टमध्ये कायनेक्टची सक्तीही संपली. पुढच्या वर्षी, जून २०१४ पासून, कायनेक्टशिवायचा एक्सबॉक्स वन ३९९ डॉलरला मिळू लागला. किमतीतही बरोबरी करावी लागली.

पण तोवर लोकांच्या मनात बसायचं ते बसलं होतं. प्लेस्टेशन ४ पुढे ११ कोटी ७० लाखांहून जास्त विकला गेला. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून विक्रीचे आकडे सांगणंच बंद केलं. २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकापुढे दिलेल्या कागदपत्रांत तिनेच मान्य केलं की त्या पिढीत सोनीने आपल्या दुपटीहून जास्त कन्सोल विकले.

टाळ्यांच्या आवाजात जे ऐकू आलं नाही

गोष्ट इथे संपवली, तर सोनी नायक आणि मायक्रोसॉफ्ट खलनायक असं सोपं चित्र तयार होतं. ते पुरतं खरं नाही.

त्याच १० जूनच्या संध्याकाळी सोनीने आणखी एक बदल केला होता. प्लेस्टेशन ३ वर मित्रांशी ऑनलाइन खेळणं फुकट होतं. प्लेस्टेशन ४ वर त्यासाठी प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागणार होती. एक्सबॉक्सवर असे पैसे आधीपासून घेतले जात होतेच. म्हणजे चढाओढीत एक कंपनी दुसऱ्याची चूक टाळते, तशी दुसऱ्याची कमाईची युक्ती उचलतेही. १०० डॉलर स्वस्त कन्सोलच्या आनंदात या वर्गणीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. तेव्हा ती वर्षाला सुमारे ५० डॉलर होती. सप्टेंबर २०२३ मध्ये सगळ्यात साध्या योजनेची वर्षाची वर्गणी ७९.९९ डॉलर झाली.

आणि डिस्कचं काय झालं? जिच्यासाठी एवढा लढा झाला, ती हळूहळू यंत्रातूनच नाहीशी होत चालली आहे. २०२० मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघींनीही डिस्क न चालणारे स्वस्त कन्सोल आणले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला प्लेस्टेशन ५ प्रो तर ७०० डॉलरचा, सगळ्यात महाग, तरी त्यात डिस्कची जागा नाही. ती वेगळी विकत घ्यायची. निन्टेंडोच्या जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ साठी काही गेम ‘गेम-की कार्ड’ स्वरूपात येतात. कार्ड दुसऱ्याला देता येतं, विकताही येतं, पण गेम त्यात नसतो, नुसती किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. उद्या तो जिथून उतरवायचा ती सेवाच बंद झाली, तर किल्ली उरेल आणि घर नसेल.

डाउनलोड केलेला गेम तर चुलत भावाच्या हातात देताच येत नाही. जुना म्हणून विकण्याचा प्रश्नच येत नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला जे नियमांनी साधायचं होतं, ते आज बऱ्याच अंशी सवयीने साधलं गेलं आहे. कुणी सक्ती केली नाही. आपणच दुकानात जायचा कंटाळा केला, सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून बटण दाबलं आणि डिस्कची जागा नसलेला कन्सोल पाच-दहा हजारांनी स्वस्त म्हणून घरी आणला.

ग्राहकाचा आवाज कधी चालतो?

गेल्या काही वर्षांतली उदाहरणं शेजारी ठेवली, तर एक गोष्ट दिसते. जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्ह गोल्डची वर्गणी वाढवल्याचं सांगितलं आणि एका दिवसाच्या आत निर्णय फिरवला. त्याच वर्षी सोनीने प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा यांची ऑनलाइन दुकानं बंद करायचं ठरवलं. एप्रिलमध्ये तिनेही शब्द मागे घेतला. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ हा गेम संगणकावर खेळणाऱ्यांना सोनीने प्लेस्टेशनच्या खात्याची सक्ती केली. ज्या देशांत असं खातं काढायची सोयच नव्हती, तिथेही हा गेम विकला गेला होता. दोन लाखांहून जास्त लोकांनी स्टीम या दुकानावर प्रतिकूल शेरे नोंदवले आणि काही दिवसांत सक्ती गेली.

आमच्या मते या प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी होत्या. बदल अचानक आणि ठळक होता, त्यामुळे सगळ्यांना एकाच दिवशी राग आला. कंपनीला अजून काहीतरी विकायचं बाकी होतं, त्यामुळे त्या रागाची तिला भीती होती. आणि कुठे ना कुठे ‘नाही’ म्हणून दुसरीकडे जायची वाट उघडी होती. २०१३ मध्ये तर या तिन्ही गोष्टी भरभरून होत्या. यंत्र अजून कुणी विकत घेतलेलं नव्हतं, समोर प्रतिस्पर्धी टपून बसला होता आणि तो १०० डॉलर स्वस्तही होता.

२०२५ च्या दरवाढीत यातलं काय उरलं? गेम पास महागला, तेव्हा वर्गणी रद्द करणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की ते पान काही वेळ बंद पडल्याच्या बातम्या आल्या. पण ज्याचे गेम गेली दहा वर्षं एका कंपनीच्या खात्यात जमा आहेत, तो दुसऱ्या कंपनीकडे जाणार कसा? डिस्क असत्या, तर विकून नवा संसार थाटता आला असता. आणि जायचं तरी कुठे, प्रतिस्पर्धीही किंमत वाढवूनच बसला आहे. दोन दुकानदार एकाच वेळी भाव वाढवतात, तेव्हा गिऱ्हाईकाला चढाओढीचा काही उपयोग राहत नाही.

म्हणून आता काही लढाया बाजारातून कायद्याकडे सरकत आहेत. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात असा कायदा लागू झाला की डिजिटल वस्तू विकताना ‘खरेदी करा’ म्हणायचं असेल, तर ग्राहकाला मिळतो तो फक्त वापराचा परवाना आहे, हे स्पष्ट सांगावं लागेल. युबीसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमची सेवा ३१ मार्च २०२४ ला बंद केली आणि ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांनाही तो खेळता येईना. त्यातून उभ्या राहिलेल्या मोहिमेने युरोपात जुलै २०२५ पर्यंत दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. विकलेला गेम मरू देऊ नका, एवढीच त्यांची मागणी आहे.

आपण घरात काय करायचं?

कंपन्यांना आपण एकटे वळवू शकत नाही. पण पैसे द्यायच्या आधीची घडी आपल्या हातात असते आणि २०१३ चा धडा तोच आहे. आधी विचारलं तर उत्तर मिळतं, नंतर विचारलं तर नियम दाखवले जातात.

मुलगा कन्सोलसाठी हट्ट धरून बसला असेल, तर आधी बघा की त्यात डिस्कची जागा आहे का. नसलेला स्वस्त पडतो खरा, पण पुढचा प्रत्येक गेम कंपनीच्याच दुकानातून, तिच्याच भावाने घ्यावा लागेल. घरात तीन-चार मुलं असतील आणि नात्यात देवाणघेवाण होत असेल, तर डिस्कवाला दोन-तीन वर्षांत आपली किंमत वसूल करून देतो. गेमच्या डब्यावर काय लिहिलंय तेही वाचा. पूर्ण गेम आत आहे, की नुसती किल्ली?

आखातातून कुणी कन्सोल किंवा गिफ्ट कार्ड आणणार असेल, तर खातं कोणत्या देशाचं असेल, हे आधीच ठरवा. एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशाच्या खात्यावर चालेलच असं नाही आणि हा घोळ सहसा डबा उघडल्यावरच लक्षात येतो.

महिन्याची वर्गणी आपोआप कापली जात असेल, तर वर्षाचा आकडा एकदा कागदावर मांडून मुलांनाच दाखवा. गेम पास अल्टिमेटच्या ऑक्टोबर २०२५ मधल्या दराने १,३८९ गुणिले १२ म्हणजे १६,६६८ रुपये. तेवढ्यात किती गेम आले असते आणि वर्गणी थांबल्यावर हातात काय उरेल, हा हिशेब मुलं आपल्यापेक्षा लवकर करतात. सगळ्यांसाठी उत्तर एकच नसेल. महिन्याला तीन-चार गेम खेळून बाजूला टाकणाऱ्याला वर्गणी परवडेलही. पण ते भाडं आहे, खरेदी नाही, एवढं घरात सगळ्यांना माहीत असावं.

येत्या ईदेला मुलं पुन्हा पैसे एकत्र करतील. त्यांना गेम घेऊ द्या. फक्त दुकानातून निघण्याआधी एक प्रश्न त्यांनाच विचारायला लावा, की हा खेळून झाल्यावर खालाच्या घरी देता येईल ना? दुकानदार ‘हो’ म्हणाला तर पैसे द्या. तो घुटमळला, तर पुढचं दुकान बघायला हरकत नाही.